गुलाबी की अमेरिकन? कपाशीतले दोन पतंग आणि त्यांच्या अळ्या वेगळ्या ओळखण्याची पद्धत

"पऱ्हाटीत अळी पडली" एवढ्या माहितीवर औषधाची बाटली घरी येते, आणि पंधरा दिवसांनी "औषध लागूच पडलं नाही" अशी तक्रार येते. बरेचदा दोष औषधाचा नसतो. बाटली एका अळीसाठीची असते आणि शेतात दुसरीच असते, किंवा अळी बरोबर ओळखलेली असूनही फवारणीची वेळ तिच्या बहिणीची असते. बोंडअळ्या महाराष्ट्राच्या कपाशीत तीन आहेत: गुलाबी, अमेरिकन आणि ठिपक्यांची. त्यातल्या पहिल्या दोघींचा गोंधळ सर्वांत महाग पडतो, म्हणून हा लेख त्या दोघींपुरता. ठिपक्यांच्या अळीचा उल्लेख जिथे फसगत होऊ शकते तिथेच येईल.

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, कूळ गेलेचिडी. अमेरिकन म्हणजे हिरवी बोंडअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, कूळ नॉक्टुइडी. दोन्ही निशाचर पतंगांच्याच अळ्या, पण नाते लांबचे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, पुढचे सगळे तिच्यातूनच निघते. गुलाबी अळी बोंडात लपून जगते आणि जवळजवळ कपाशीवरच अवलंबून असते. अमेरिकन अळी बरीचशी उघड्यावर वावरते आणि दिसेल ते खाते: हरभऱ्यावरची घाटेअळी तीच, तुरीच्या शेंगा पोखरणारी तीच, टोमॅटोला भोक पाडणारीही तीच. कुठे शोधायचे, कधी फवारायचे, पक्षी कामाला येतील की नाही, बीटी (अळीला मारणारे विष स्वतःच्याच अंगात तयार करणारी कपाशी) एकीवर चालते आणि दुसरीवर का चालत नाही, या सगळ्याची उत्तरे या एका फरकात आहेत.

तयारी

दहा पट मोठे दाखवणारे भिंग (दागिने तपासणाऱ्यांकडे असते तसले, स्वस्तात मिळते), मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, धारदार चाकू, चिमटा, पांढरा कागद, झाकणाच्या दोन-तीन डब्या आणि वही. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून फोटो घेता येतो, आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवायला तो पुरतो. फोटोत पट्टी ठेवायला विसरू नका. आकाराचा अंदाज नसलेला अळीचा फोटो तज्ज्ञालाही अडचणीत टाकतो.

पहिली पायरी: कामगंध सापळे, आणि गोळीची सरमिसळ टाळणे

दोन्ही जातींच्या माद्या नराला बोलवायला गंध सोडतात, पण गंध वेगवेगळे. गुलाबीसाठी गॉसिप्लुअर नावाची ल्युअर म्हणजे गंधगोळी मिळते, अमेरिकनसाठी हेलिल्युअर. दुकानात नुसते "कपाशीची गोळी द्या" म्हणू नका, नाव घेऊन मागा आणि पाकिटावर वाचून खात्री करा. एका सापळ्यात एकच गोळी लावायची. दोन्ही लावून सापळ्याचे पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण मग नोंदीला अर्थ राहत नाही. एक गोळी हाताळल्यावर हात धुऊनच दुसरीला हात लावा. न वापरलेल्या गोळ्या पाकिट न फोडता फ्रीजमध्ये ठेवा.

निरीक्षणासाठी एकरी दोन सापळे पुरतात. लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पाते (फुलाची कोवळी कळी) लागायच्या सुमाराला ते उभे करा. सापळा पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर हवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायला हवा. ऑगस्टमध्ये लावलेला सापळा ऑक्टोबरात पानांत बुडालेला असतो आणि मालक म्हणतो, यंदा पतंगच नाहीत. गोळी किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर असते, बहुतेक गोळ्या तीन-चार आठवडे टिकतात. तारीख सापळ्याच्या काठीवरच मार्करने लिहून ठेवली की विसरायला होत नाही.

अमेरिकनसाठी नरसाळ्याचा, खाली प्लास्टिकची पिशवी असलेला सापळा बरा. गुलाबीसाठी नरसाळ्याचाही चालतो आणि चिकट पृष्ठभागाचा त्रिकोणी डेल्टा सापळाही. माझे मत नरसाळ्याच्या बाजूने आहे, कारण चिकट्यात अडकलेल्या पतंगाच्या पंखांवरचे खवले निघून जातात आणि ओळखायला काही उरत नाही.

सापळ्यात सापडणारे सगळे नर असतात. त्यामुळे सापळा पतंगांची संख्या कमी करण्यापेक्षा "आले की नाही, किती आले" हे सांगण्यासाठी आहे. एकरी आठ-दहा सापळे लावून नरच पकडून काढण्याची पद्धत गुलाबीसाठी सांगितली जाते, पण ती एकट्या शेतात लावून भागत नाही. शिवारात सगळ्यांनी मिळून लावले तर उपयोग.

दुसरी पायरी: पतंग हातात घेऊन पाहणे

सकाळी पिशवी सोडवून पतंग डबीत घ्या. जिवंत असतील तर डबी तास-दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे पंख फडफडवून खवले उडणार नाहीत. मग पांढऱ्या कागदावर ओता.

फरक पहिल्या नजरेलाच दिसतो: आकार. गुलाबीचा पतंग अंगाने ८ ते १० मिलिमीटर लांब, पंख पसरले तर १५ ते २० मिलिमीटर. अमेरिकनचा पतंग जाडजूड, अंग १५ मिलिमीटरच्या पुढे आणि पंख पसरून ३० ते ४० मिलिमीटर. दुप्पट फरक आहे, पट्टी ठेवली की वादच संपतो. तरी आकारावर थांबू नका. गुलाबीच्या सापळ्यात कधीकधी दुसरेच बारीक पतंग येतात, आणि त्यांचीही मोजदाद "गुलाबी" म्हणून होते.

मग बसण्याची ढब. गुलाबी पतंग पंख अंगालगत घडी करून बसतो, त्यामुळे निमुळता, काडीच्या तुकड्यासारखा दिसतो. अमेरिकन पतंग पंख उतरत्या छपरासारखे पसरून बसतो, वरून रुंद त्रिकोण दिसतो.

पुढचे पंख पाहा. गुलाबीचे राखाडी-तपकिरी असतात, त्यांवर गडद ठिपके आणि पुसट आडवे पट्टे. लांबून पाहिले तर मातीच्या रंगाचा पतंग, डोळ्यांत भरेल असे काही नाही. अमेरिकनचा रंग मात्र बेभरवशाचा. नर बहुधा हिरवट-पिवळसर किंवा करडे, माद्या तांबूस-तपकिरी. रंग सोडा आणि पुढच्या पंखाच्या मध्याजवळचा मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग शोधा.

खरी खात्री मागच्या पंखात आहे, आणि तो पाहायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. पुढचा पंख चिमट्याने हळूच पुढे ओढा. अमेरिकनचा मागचा पंख फिकट, रुंद आणि बाहेरच्या कडेला रुंद काळपट पट्टा असलेला. गुलाबीचा मागचा पंख अरुंद, टोकदार, चंदेरी-करडा, आणि त्याच्या कडेला लांब केसांची झालर. पुढच्या पंखाचे खवले उडून गेले असले तरी ही झालर बहुधा शाबूत असते. शंका उरलीच तर भिंगाखाली डोके पाहा: गुलाबीच्या तोंडापुढून दोन लांब, वर वळलेल्या मुखस्पर्शिका (मिशा वेगळ्या) डोक्याच्याही वर गेलेल्या दिसतील. हे त्या कुळाचेच लक्षण आहे, अमेरिकनमध्ये ते नाही.

पंख पूर्ण हिरवे, किंवा पांढरट पंखावर हिरवा पाचरीसारखा पट्टा दिसला तर तो या दोघांपैकी कोणीच नाही, ती ठिपक्यांची बोंडअळी.

वहीत रोजचा आकडा लिहा. एका सापळ्यात एका रात्रीत गुलाबीचे ८ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी समजतात. अमेरिकनसाठी साधारण ८ ते १० पतंग सलग दोन-तीन दिवस. एका रात्री पंधरा आले आणि दुसऱ्या रात्री दोन, तर लगेच पंप पाठीवर घ्यायचे कारण नाही. अमेरिकनचा पतंग दमदार उडणारा आहे, वाऱ्याबरोबर कित्येक कोस जातो, त्यामुळे एखाद्या रात्री परक्या शिवारातले पाहुणेही उतरतात. गुलाबीचा आकडा मात्र सहसा तुमच्या आणि शेजारच्या शेताचीच गोष्ट सांगतो.

तिसरी पायरी: अंडी

या पायरीवर फार वेळ घालवू नका. दोघींची अंडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि भिंगाशिवाय दिसणे अवघड. अमेरिकनचे अंडे गोल, घुमटाकार, वरून खाली रेघा असलेले, पिवळसर पांढरे, आणि एकेकटे ठेवलेले. कोवळ्या शेंड्यावर, पानावर, पात्यावर ते सापडते आणि उबायच्या आधी तपकिरी होते. गुलाबीचे अंडे चपटे-लांबट, एकेकटे किंवा चार-पाचच्या झुपक्यात, आणि बोंडे लागल्यावर ती बहुधा बोंडाच्या बुडाशी, पाकळीसारख्या हिरव्या पानांच्या आड दडवलेली. म्हणजे एकीची अंडी शेंड्यावर नजर ठेवून सापडू शकतात, दुसरीची जवळजवळ कधीच नाही. अंडी दोघींचीही तीन ते पाच दिवसांत फुटतात.

चौथी पायरी: अळी, आणि रंगाची फसवणूक

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. गुलाबी बोंडअळी लहानपणी गुलाबी नसते. अंड्यातून निघते तेव्हा पांढरट, डोके तपकिरी. अंगावर गुलाबी पट्टे येतात ते शेवटच्या अवस्थेत. ती चारच अवस्थांत वाढते, आणि गुलाबी दिसली याचा अर्थ तिचे खाणे जवळजवळ संपले. उलट हिरवी म्हणवणारी अमेरिकन अळी हिरवी, तपकिरी, काळपट आणि चक्क गुलाबटही असते. रंगावरून नाव ठेवायचे ठरवले तर दोन्हीकडून गल्लत होणार.

मग काय पाहायचे? लांबी: पूर्ण वाढलेली गुलाबी १० ते १२ मिलिमीटर, अमेरिकन ३५ ते ४०. पण पंधरा मिलिमीटरपेक्षा लहान अळी सापडली तर लांबीवरून ठरत नाही, कारण अमेरिकनही लहान असताना तेवढीच असते. तेव्हा भिंग लावा. अमेरिकनच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी फिकट पट्टा धावतो, कातडी खरखरीत आणि केसांच्या बुडाशी गडद ठिपके असतात. गुलाबीचे अंग गुळगुळीत, पट्टे लांबीत नव्हे तर आडवे. अंगावर मांसल काट्यांसारखे उंचवटे असतील तर पुन्हा ती ठिपक्यांची.

भिंगाआधी जागा पाहिली तर अर्धे काम होते. अमेरिकन अळी डोके बोंडात खुपसून मागचा भाग बाहेर ठेवून खाते, पोट भरले की दुसऱ्या बोंडाकडे जाते. आपल्याच जातीच्या दुसऱ्या अळीला खायलाही ती कमी करत नाही, म्हणून एका बोंडात सहसा एकच. गुलाबी अळी अंड्यातून निघाल्यावर तास-दोन तासांतच बोंडात शिरते, मागे शिरण्याचे भोक भरून येते, आणि आत तीन-चार अळ्याही एकत्र राहू शकतात. बाहेर फिरताना दिसलेली मोठी अळी गुलाबी असण्याची शक्यता थोडी: पूर्ण वाढून कोषात जायला निघालेली असेल तरच.

पाचवी पायरी: फूल आणि बोंड वाचणे

पतंग सापडो न सापडो, ही पायरी दर आठवड्याला करायचीच. निर्णय खऱ्या अर्थाने इथे होतो.

सुरुवात फुलांपासून. गुलाबीची लहान अळी कळीत शिरली की पाकळ्या आतून रेशमाने बांधते. फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. यालाच डोमकळी म्हणतात. उघडून पाहिली तर आत परागकण खाणारी अळी सापडते. नवखा माणूस दुसऱ्या दिवशीचे फूल डोमकळी समजून मोजतो. कपाशीचे फूल सकाळी पांढरट-पिवळे उमलते, नंतर गुलाबी-लाल होऊन मिटते आणि वाळते, हे नैसर्गिक आहे. म्हणून मोजणी सकाळी करा, फक्त त्या दिवशीची ताजी फुले घ्या. दहा ताज्या फुलांत एक डोमकळी आणि तिच्यात जिवंत अळी असेल तर पातळी ओलांडली. डोमकळ्या दिसल्या की तोडून पिशवीत गोळा करून नष्ट करा. पहिल्या पिढीत केलेले हे काम नंतरच्या दोन फवारण्यांपेक्षा मोलाचे आहे असे माझे मत आहे. मजुरी लागते हे खरे, पण घरच्या माणसांनी निंदणी करता करता ते होते.

अमेरिकनचे नुकसान पात्यावर वेगळे दिसते. भोक पडलेल्या पात्याभोवतीची हिरवी पाने पसरून उघडी पडतात, पाते पिवळे पडून गळते. जमिनीवर पडलेली पाती उचलून पाहा. भोक स्पष्ट आणि भोवती विष्ठा असेल तर संशय अमेरिकनवर किंवा ठिपक्यांच्या अळीवर. नुसती पातेगळ मात्र पाण्याच्या ताणाने, जास्त पावसाने, ढगाळ हवेनेही होते. भोक नसलेली पाती अळीच्या नावावर लिहू नका.

आता बोंडे. अमेरिकनचे बोंड बाहेरूनच कळते: मोठे, गोल, उघडे भोक आणि भोवती ओलसर विष्ठेचा ढीग. गुलाबीचे बोंड बाहेरून धडधाकट दिसते, आणि म्हणूनच २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबीचा मोठा प्रादुर्भाव झाला तेव्हा बहुतेकांना कळले ते वेचणीच्या वेळी. त्यावर उपाय एकच, बोंडे फोडून पाहणे.

एकरातून वीस हिरवी बोंडे तोडा. शेताच्या कडेची किंवा संशयास्पद बोंडे निवडून घ्यायची नाहीत. तिरपे चालत जा आणि वेगवेगळ्या ओळींतून, एका झाडाचे एकच घ्या. बोंडाचे वय दहा ते वीस दिवसांचे हवे: अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारे. दगडासारखे कडक झालेले बोंड या अळीला फारसे आवडत नाही, आणि अगदी कोवळे तोडून काही कळत नाही. बोंड चाकूने शिवणीवर कापा, पाकळ्या सोडवा आणि चार गोष्टी पाहा. सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखे उंचवटे किंवा नागमोडी रेघ आहे का, कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे का, सरकी आतून खाल्लेली आहे का, आणि जिवंत अळी आहे का. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळ्या, म्हणजे दहा टक्के, ही उपाय करण्याची पातळी. नुसते जुने उंचवटे आहेत आणि अळी नाही, तर बोंडाने किंवा बीटीने तिला आधीच संपवले असण्याची शक्यता असते. ते मोजणीत धरू नका.

बोंडाला दीड-दोन मिलिमीटरचे नेटके गोल छिद्र दिसले तर ते गुलाबी अळी बाहेर पडल्याचे. तेव्हा फवारणी करणे म्हणजे गेलेल्या पाहुण्यासाठी स्वयंपाक. वेचणीला आल्यावर अशी बोंडे नीट फुटत नाहीत, कापूस पिवळसर डागी, कवडीयुक्त निघतो आणि बाजारात भाव पडतो.

कोषासाठी वेगळी शोधाशोध नको, पण नांगरताना सापडले तर ओळखता यावेत. जमिनीत काही सेंटिमीटर खोल, चकचकीत गडद तपकिरी, १५ मिलिमीटरच्या आसपासचा तो अमेरिकनचा. पालापाचोळ्यात, वाळलेल्या बोंडात किंवा वरच्या मातीत विरळ रेशमात गुंडाळलेला, त्याच्या निम्म्या आकाराचा तो गुलाबीचा.

सहावी पायरी: तारखांची तुलना

सापळ्याचे आकडे आणि बोंडांची मोजणी एकाच पानावर लिहिली की दोघींचे वेळापत्रक वेगळे दिसू लागते. अमेरिकन अळी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून पाते आणि कोवळ्या बोंडांवर येते, आणि पुढे तूर फुलली, हरभरा घाट्यावर आला की तिकडे सरकते. गुलाबीचे पतंग पहिल्या पावसानंतर निघू लागतात. त्या वेळी कपाशीला पाते नसतील तर अंडी घालायला जागाच नसते आणि ती पिढी वाया जाते. म्हणून कृषी विभाग १ जूनच्या आधी लागवड करू नका म्हणून सांगतो. खानदेशात मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी याच कारणाने अडचणीची ठरते: पतंग निघतात तेव्हा तिला पाते लागायच्या बेतात असतात. गुलाबीचे चक्र महिन्याच्या आसपास पूर्ण होते, त्यामुळे पिढीवर पिढी चढत जाते आणि खरा भार ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत पडतो.

थंडी आणि लहान दिवस लागले की गुलाबीच्या काही अळ्या कोषात न जाता झोपी जातात. दोन सरक्या रेशमाने जोडून त्यांच्या आत, किंवा पऱ्हाटीवर राहिलेल्या नख्यांत (बोंडांच्या वाळक्या सालींत) त्या महिनोन्महिने पडून राहतात. जिनिंगच्या आवारातल्या सरकीच्या ढिगातून उन्हाळ्याच्या शेवटी पतंग निघतात ते यामुळे. जिनिंगजवळ शेत असेल तर तुमच्या सापळ्याचा जून-जुलैचा आकडा इतरांपेक्षा जास्त येईल, त्याने दचकू नका, पण तो कृषी सहायकाच्या कानावर घाला. जिनिंगच्या आवारात सापळे लावायला लावणे हे गावाने मिळून करायचे काम आहे.

बीटी एकीवर चालते, दुसरीवर का नाही

बीटी कपाशी भारतात २००२ साली आली, दोन जनुकांची बीजी-२ २००६ साली. ती आणली गेली मुख्यतः अमेरिकन बोंडअळीसाठी, जिने १९९०च्या दशकात पायरेथ्रॉइड औषधांना दाद देणे बंद केले होते. त्या बाजूने बीटी आजही बऱ्यापैकी उभी आहे. गुलाबीने मात्र आधी एका जनुकाला आणि पुढे दोन्हींना सहन करायला शिकून घेतले, आधी गुजरातेत, मग महाराष्ट्रात.

कारण पुन्हा तोच फरक. अमेरिकन अळीची मोठी संख्या तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीवर वाढते. तिथे बीटी नाही, त्यामुळे प्रतिकार नसलेले पतंग सतत तयार होतात, प्रतिकार असलेल्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पातळ राहतो. गुलाबीला कपाशीशिवाय फारसा आसराच नाही आणि कपाशी बहुतेक सगळी बीटी. त्यातही आपल्याकडे संकरित वाण. संकरित वाणाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत दोन्ही जनुके नसतात, सोळातल्या एखाद्या सरकीत तर एकही नसते. अळी अशा मिसळीत खात खात वाढते आणि विषाची सवय लावून घेते. बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायला सांगितले जायचे ते गुलाबीचेही प्रतिकार नसलेले पतंग तयार होत राहावेत यासाठी. बहुतेकांनी पाकिटासोबत मिळणारी त्या बियाण्याची छोटी पुडी बांधावर फेकली, म्हणून आता ५ टक्के बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देतात.

तेव्हा "बीटी आहे, मला पाहायची गरज नाही" हे वाक्य अमेरिकनपुरते एक वेळ ठीक. गुलाबीसाठी बीटी शेतातही वीस बोंडे फोडायचीच.

ओळख पटल्यावर

औषधाचे नाव आणि मात्रा या लेखात देत नाही. ती दरवर्षीच्या शिफारशीतून, अकोला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यातून घ्या. पण कोणती पद्धत कोणाला लागू ते सांगतो.

पक्षिथांबे (पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) लावा, पण कोतवाल आणि साळुंक्या उघड्यावरची अमेरिकन अळी टिपतात, बोंडातली गुलाबी त्यांच्या चोचीला लागत नाही. एचएएनपीव्ही हा विषाणू अमेरिकनवरच चालतो, तोही लहान अळ्यांवर. उन्हाने तो निकामी होतो, म्हणून संध्याकाळी फवारायचा. गुलाबीसाठी हा खर्च वायाच. ट्रायकोग्रामा हे अंड्यात अंडे घालणारे बारीक मित्रकीटक दोघींवर चालतात, फक्त गुलाबीसाठी ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्री या जातीची कार्डे मागा, आणि कार्डे लावल्यावर काही दिवस रासायनिक फवारणी टाळा. नर-मादीची गाठ पडू न देणारे गंधाचे दोरे आणि लेपही गॉसिप्लुअरचे असतात, त्यांचा अमेरिकनशी संबंध नाही.

रासायनिक फवारणीची वेळ दोघींची निराळी. अमेरिकनची अळी दोन-तीन अवस्थांपर्यंत लहान असताना बाहेर सापडते, तेव्हाच फवारा. बोटाएवढी झाल्यावर औषध वाढवून फायदा नसतो. गुलाबीसाठी अळीची वाट पाहणे म्हणजेच उशीर. अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचे तास-दोन तास एवढीच संधी, म्हणून तिची फवारणी सापळ्यातल्या पतंगांच्या आकड्यावर आणि डोमकळ्यांवर ठरवावी लागते. ओळख नक्की नसताना तीन-चार औषधे एकत्र कालवून मारणे तर पूर्ण बंद करा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंच वाढलेल्या पिकात, तोंड न बांधता फवारणी कोणत्याच अळीसाठी करायची नाही.

हंगाम संपताना गुलाबीचा हिशोब वेगळा मिटवावा लागतो. पाणी आहे म्हणून फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही पीक राखले) की झोपी जाणाऱ्या अळ्यांना महिना-दोन महिने जास्त खायला मिळते. डिसेंबरअखेर पीक काढा, त्याआधी शेळ्या-मेंढ्या सोडा, म्हणजे उरलेली हिरवी बोंडे त्या खाऊन टाकतील. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, श्रेडरने बारीक करून कंपोस्टला घाला. नांगरट खोल करा: वर आलेले कोष उन्हात मरतात, आणि यात अमेरिकनचेही सापडतील. हेलिल्युअरचे सापळे मात्र काढून घरात ठेवू नका. शेजारी हरभरा असेल तर नवी गोळी लावून तिकडे हलवा, घाटे भरेपर्यंत ते लागणार आहेत.